वहीतल्या उधार कॅसेटी

पहिला दिवस, गुरुवार, २७ नोव्हेंबर २०२५ : भुसावळ

भुसावळचे आमचे घर डिसेंबरच्या अखेरीस नव्या मालकाच्या ताब्यात द्यायचे आहे. आईला आवराआवरीत मदत करावी म्हणून मी चार दिवसांची रजा काढून आले आणि पहिल्याच दुपारी माळ्यावरच्या पत्र्याच्या पेटीत मला माझी शंभर पानी वही सापडली. पहिल्या पानावर अकरावीतल्या अक्षरात 'आयर्न मेडन : देणे-घेणे' असे लिहिलेले होते आणि त्याखाली वाण्याच्या खतावणीसारखे रकाने आखलेले होते : तारीख, कॅसेट, कोणाला दिली, परत आली का. एकूण सत्तावीस नोंदी निघाल्या. त्यांपैकी तीन नोंदींपुढचा शेवटचा रकाना कोराच होता. एक कॅसेट चाळीसगावला होती, एक धुळ्याला आणि एक दोंडाईच्याला.

आईने चष्मा लावून वही पाहिली आणि म्हणाली, "म्हणजे उधारी अजून वसूल व्हायची आहे तुझी." ती थट्टेत बोलली होती, पण संध्याकाळपर्यंत माझा बेत पक्का झाला. शनिवारी दादा पुण्याहून येणारच होता. भांडी आणि गाद्या त्याने पाहाव्यात, मी वसुलीला निघावे, असे ठरले.

आमच्याकडे 'बँड' म्हटले की डोळ्यांसमोर लग्नाचा बँडच येतो. त्यामुळे मी एका बँडच्या नादी लागले आहे हे ऐकून माझ्या आत्याने पहिल्यांदा विचारले होते की लग्न कोणाचे आहे. माझा बँड पूर्व लंडनचा. स्टीव्ह हॅरिस या बास गिटार वाजवणाऱ्या तरुणाने २५ डिसेंबर १९७५ रोजी तो उभा केला, म्हणजे येत्या नाताळाला त्याला पन्नास वर्षे पूर्ण होतील. 'आयर्न मेडन' हे मध्ययुगातल्या म्हणून सांगितल्या जाणाऱ्या, आतून खिळे ठोकलेल्या एका छळपेटाऱ्याचे नाव आहे, हे मला शब्दकोशात शोधून कळले. वडिलांना मी ते समजावूनही सांगितले, पण ते अखेरपर्यंत त्या बँडला 'लोखंडी पोरगी' असेच म्हणत राहिले.

वडील मालगाडीचे गार्ड होते आणि आम्ही तेव्हा रेल्वे क्वार्टरमध्ये राहत होतो. शेजारी एक अँग्लो-इंडियन ड्रायव्हर राहत, त्यांना सगळी मुले अंकल म्हणत. १९९१ साली निवृत्त होऊन ते ऑस्ट्रेलियाला मुलीकडे कायमचे निघाले, तेव्हा त्यांनी सामानातल्या नको असलेल्या वस्तू शेजाऱ्यांना वाटल्या. आईच्या वाट्याला लोखंडी तवा आला आणि माझ्या वाट्याला एक टीडीकेची कॅसेट आली, जिच्यावर निळ्या शाईने 'पॉवरस्लेव्ह' एवढेच लिहिलेले होते. १९८४ सालचा तो अल्बम अंकलनी कोणाकडून तरी भरून घेतला होता, पण सेहेचाळीस मिनिटांच्या कॅसेटवर, म्हणजे एका बाजूला तेवीस मिनिटे. अल्बमची दुसरी बाजू मात्र पंचवीस मिनिटांहून अधिक आहे, आणि तिच्या शेवटी कोलरिजच्या म्हाताऱ्या खलाशाच्या कवितेवरचे सुमारे साडेतेरा मिनिटांचे गाणे येते. त्यामुळे आमच्या घरी तो खलाशी कधी परत पोहोचलाच नाही. अल्बाट्रॉस पक्षी मारला जाई, वारा पडे, सोबती माना टाकत, दोराच्या करकरीसारखा आवाज येत राही, मग गिटारी पुन्हा उसळून उठत आणि तेवढ्यात टेपचे बटण खट्कन वर येई. पुढे काय होते ते मला चार वर्षे ठाऊक नव्हते. कॉलेजच्या पहिल्या वर्षी इंग्रजीच्या सरांनी १७९८ सालची ती मूळ कविता शिकवायला घेतली, तेव्हा शेवट काय होतो असे मी तास संपण्यापूर्वीच उठून विचारले. सरांना माझ्या काव्यप्रेमाचे फार कौतुक वाटले आणि मी त्यांचा गैरसमज दूर केला नाही.

नव्या कॅसेटी मिळवण्याचा मार्ग रेल्वेचाच होता. वडील आपल्या हद्दीपलीकडे जात नसत, पण गार्डांची साखळी मुंबईपर्यंत पोहोचत असे. मी चिठ्ठी आणि पैसे पाकिटात घालून द्यायचे, वडील ते इगतपुरीला उतरणाऱ्या सहकाऱ्याकडे सोपवायचे, तिथून ते कल्याणला जायचे, आणि कल्याणच्या गार्डांचा मुलगा काळा घोड्याच्या ऱ्हिदम हाउसमधून कॅसेट आणायचा. उलट प्रवासाला कधी दोन, तर कधी चार आठवडे लागत. वडील घरी आले की लाल-हिरवे झेंडे, बत्ती आणि रुळावर लावायचे फटाके ठेवलेली त्यांची लाइन बॉक्स मी आधी उघडून पाहत असे. 'फिअर ऑफ द डार्क' हा १९९२ सालचा अल्बम असाच आला. तो झेंड्यात गुंडाळलेला होता आणि त्याला घासलेटचा वास येत होता. बँडशी माझी ओळख ऐकण्यापेक्षा वाट पाहण्यातच अधिक झाली, असे म्हटले तरी चालेल.

वाट पाहून हाती आलेली कॅसेट भुसावळच्या उन्हाळ्यात जपणे हेही काही सोपे काम नव्हते. मे महिन्यात खिडकीत विसरलेल्या कॅसेटचा सांगाडा पापडासारखा वाकत असे. वीज गेली की टेप सेलवर चालवावा लागे, आणि सेल उतरले की बँडचा गायक ब्रूस डिकिन्सन याचा तो उंच, धारदार आवाज हळूहळू घोगरा होत एखाद्या सुस्त बुवांच्या भजनासारखा ऐकू येई. मग सेल गच्चीवर उन्हात ठेवायचे. त्यातून आणखी दोन गाणी निघत.

१९९३ साली डिकिन्सन बँड सोडून गेला, ही बातमी मला काही महिन्यांनी कळली. त्याच वर्षी अलाहाबादहून 'रॉक स्ट्रीट जर्नल' सुरू झाले होते, त्याचा एक हाताळून मऊ झालेला अंक दादाच्या मित्राने आणला आणि त्यात ती छापलेली होती. मी दोन वेळा जेवले नाही. आईला वाटले, परीक्षेचा निकाल लागला.

दुसरा दिवस, शुक्रवार : जळगाव आणि चाळीसगाव

जळगावला मी कॉलेजची पाच वर्षे अपडाऊन केले. गोलाणी मार्केटात तेव्हा कॅसेट भरून देणारे एक दुकान होते. कोरी कॅसेट आणि गाण्यांची यादी द्यायची, आठ दिवसांनी जाऊन न्यायची. दुकानदारांचा मुख्य धंदा जुनी हिंदी गाणी आणि भजने भरण्याचा होता. माझ्या कॅसेटी ते निमूटपणे भरून देत, परंतु पट्टीवर नाव लिहिताना त्यांच्या मनातले उतरत असे. 'इंग्रजी, आरडाओरड, भाग २' असे लेबल लावलेली माझी एक कॅसेट अजूनही भुसावळच्या पेटीत आहे. आज त्या गाळ्यात मोबाइलची कव्हरे लटकत होती. गल्ल्यावरच्या मुलाला पूर्वीच्या दुकानाविषयी विचारले, तर त्याने मला स्क्रीनगार्ड दाखवले. मी तिथे फार वेळ थांबले नाही. भरीत आणि कळण्याची भाकरी खाऊन दुपारची गाडी धरली.

पाचोऱ्याला गाडी थांबली तेव्हा मी मुद्दाम दारात जाऊन उभी राहिले. इथून जामनेरला छप्पन्न किलोमीटरची अरुंद मापाची छोटी गाडी जात असे, तिला सगळे 'पीजे' म्हणत. टाळेबंदीत, २०२० साली ती थांबली. चाळीसगावची माझी मैत्रीण मूळची शेंदुर्णीची. शनिवारी ती जळगावहून पाचोऱ्याला आणि तिथून पीजेने घरी जात असे. ६ नोव्हेंबर १९९६ या तारखेची माझ्या वहीतली नोंद तिची आहे : 'समव्हेअर इन टाइम, दिवाळीच्या सुट्टीपुरती'. ती सुट्टी एकोणतीस वर्षे चालली.

मैत्रिणीने दार उघडले, मला पाहिले आणि चहाचेही न विचारता आत जाऊन कॅसेट घेऊन आली. पैठणीच्या घडीत ठेवलेली होती, डांबराच्या गोळ्यांचा वास येत होता. "तू कधीतरी मागायला येशील हे मला माहीत होतं," ती म्हणाली, "म्हणून टाकली नाही. पण एक सांगते, मला ते संगीत कधीच आवडलं नाही गं." मग नेली कशाला, असे विचारल्यावर तिने आतले चित्र बाहेर काढून माझ्यापुढे ठेवले.

हे चित्र डेरेक रिग्जचे. बँडचा जो एडी नावाचा हाडकुळा, कातडी सोललेला राक्षस प्रत्येक अल्बमवर नव्या अवतारात येतो, तो याच चित्रकाराने घडवला. १९८६ सालच्या या अल्बमवर एडी भविष्यकाळातल्या एका शहरात बंदूक घेऊन उभा आहे, आणि मागच्या इमारतींवर बँडच्या जुन्या गाण्यांच्या इतक्या खुणा पेरलेल्या आहेत की त्या शोधण्यात आमचे कितीतरी तास गेले असतील. एका घड्याळात मध्यरात्रीला दोन मिनिटे कमी आहेत, कारण त्या नावाचे गाणे आधीच्या अल्बमवर आहे. हॅरिस वेस्ट हॅम या फुटबॉल संघाचा भक्त, म्हणून दुसऱ्या एका फलकावर त्या संघाने आर्सेनलवर सात विरुद्ध तीन अशी मात केल्याचे झळकते. कॅसेटच्या आकाराला हे सगळे पोस्टाच्या तिकिटाएवढे होते. मैत्रिणीने वडिलांच्या भिंगाखाली धरून ते वहीत मोठे करून काढले आणि त्या नरक चतुर्दशीच्या पहाटे शेंदुर्णीच्या अंगणात एडीची पाच फुटी रांगोळी घातली. तिला फक्त तिचा हात चालवायचा होता. गल्लीतल्या बायका येऊन पाहून गेल्या आणि नरकासुर फारच उत्तम साधला आहे असे सर्वांनी सांगितले. तिच्या आजीने त्या 'नरकासुराच्या' कपाळावर हळदकुंकूही टाकले, कारण रांगोळीत काढलेल्याला तसेच सोडू नये.

कॅसेट नेण्याचे हे कारण तिने मला त्या वेळी कधी सांगितले नव्हते. मला आपली एक साथीदार मिळाली असे मी समजत होते आणि पुढे दोन वर्षे तिला रोज डब्यातून नव्या गाण्यांची वर्णने ऐकवत होते. तिने ती सगळी ऐकून घेतली.

संध्याकाळी तिने मला स्टेशनजवळच्या केकी मूस यांच्या घरी नेले. तिथे आता त्यांचे कलादालन आहे. हे छायाचित्रकार आयुष्याची अनेक वर्षे जवळजवळ घराबाहेर पडले नाहीत आणि १९८९ च्या शेवटच्या दिवशी वारले. मुंबईत निरोप देताना प्रेयसीने आपण पंजाब मेलने येऊ असे सांगितले होते, म्हणून ती गाडी यायच्या वेळी ते रोज दारे-खिडक्या उघडी ठेवीत, असे चाळीसगावात सांगतात. मैत्रीण म्हणाली, "तुझंही तसंच होतं, फक्त तुला मालगाडी लागायची."

तिसरा दिवस, शनिवार : धुळे

चाळीसगावहून धुळ्याची शाखा गाडी सकाळी पकडली. जामदा, शिरूड अशी छोटी स्टेशने, कापूस वेचणाऱ्या बायका, आणि डब्यात धुळ्याला कचेरीच्या कामाला निघालेली मंडळी. हा प्रवास एरवी सांगण्यासारखा नाही.

मावसभाऊ धुळ्याजवळच्या गावी शेती करतो. माझ्याकडून त्याने 'द नंबर ऑफ द बीस्ट' नेली होती, म्हणजे डिकिन्सन ज्या अल्बमपासून गाऊ लागला तो १९८२ सालचा अल्बम. त्याच्या आधीचे दोन अल्बम पॉल डिॲनो या गायकाचे, तो गेल्या वर्षी ऑक्टोबरमध्ये वारला. मावसभावाने मला बसवले, पाणी दिले आणि प्रथम माफी मागितली. मग सांगण्याजोगे प्रकरण बाहेर आले.

१९९७ च्या सुमारास काका, म्हणजे मावशीचे यजमान, ग्रामपंचायतीला उभे राहिले. निशाणी मिळाली कपबशी. रिक्षावर कर्णा बांधून प्रचार करायचा होता आणि घरात कोरी कॅसेट नव्हती. मी माझ्या सर्व कॅसेटींच्या वरच्या कडेची दोन प्लास्टिकची पाती मोडून ठेवत असे, म्हणजे त्यांच्यावर पुन्हा काही भरता येत नाही. परंतु त्या भोकांवर सेलोटेप चिकटवला की येते, ही विद्या मावसभावालाही अवगत होती. त्याने दुसऱ्या बाजूच्या सुरुवातीला काकांच्या आवाजात 'ताई, माई, अक्का, विचार करा पक्का' भरले आणि पाच मिनिटांनी थांबला. त्या पाच मिनिटांखाली अल्बमचे शीर्षकगीत गाडले गेले.

त्यापुढचे गाणे 'रन टू द हिल्स'. ते क्लाइव्ह बरच्या ढोलांच्या दणक्याने सुरू होते. रिक्षावाला टपरीवर चहा पीत होता, टेप चालूच राहिला, आणि कपबशीवर शिक्का मारण्याचे आवाहन संपताच मारुतीच्या पारावर तो ढोल आणि मागोमाग घोड्याच्या टापांसारखी गिटार कोसळली. गाव गोळा झाले. पारावर बसलेल्या आजोबांनी काकांच्या मुलालाच विचारले, "हाऊ काबर बोंबली राह्यना?" त्याला काही सुचले नाही, तो म्हणाला, "आबा, बाहेरगावचा प्रचारक आहे." काका अकरा मतांनी पडले. ही मते त्या गाण्याने घालवली असे ते अजून मानतात, आणि ते अगदीच चूक आहे असे मला म्हणवत नाही.

आम्ही ती बाजू लावून ऐकली. काकांचा तीस वर्षांपूर्वीचा खणखणीत आवाज आला, मग खर्र आवाज, मग ढोल. काका ओसरीवर बसले होते. आता त्यांना ऐकू कमी येते, पण स्वतःचा आवाज त्यांनी ओळखला आणि शेवटपर्यंत ऐकला. कॅसेट मी परत घेणार नाही हे तेव्हाच ठरले. वहीत 'माफ' असे लिहिले.

बँडला प्रत्यक्ष ऐकायला बंगळुरूला आम्ही तिघे एकत्र गेलो होतो : दादा, मी आणि हा मावसभाऊ. कॉलेजात असताना एका ऑगस्टमध्ये दादा मुंबईला रंगभवनातला 'इंडिपेंडन्स रॉक' पाहायला गेला होता, तेव्हा मला परवानगी मिळाली नव्हती. रात्रीचा कार्यक्रम, मुलींनी काय करायचे तिथे, असे वडील म्हणाले होते, आणि दादाने माझ्यासाठी गेटवरचा तिकिटाचा अर्धा तुकडा आणला होता. मी तो घेतला नाही. त्यामुळे मार्च २००७ मध्ये आयर्न मेडन पहिल्यांदा भारतात येणार असे कळले, तेव्हा तिघांची तिकिटे मी माझ्या पगारातून काढली आणि वडिलांना आदल्या दिवशी सांगितले. त्यांनी गाडी किती वाजता आहे एवढेच विचारले आणि लोको शेडकडून आलेला पेरूचा करंडा बरोबर दिला.

कर्नाटक एक्सप्रेस भुसावळहून धरली. एक रात्र आणि पुढचा दिवस बसून-आडवे होऊन बंगळुरू गाठले. शनिवार, १७ मार्च, पॅलेस ग्राउंड. लाल धूळ एवढी उडाली होती की रुमाल बांधूनही खोकला थांबेना. आधी दिल्लीचा 'परिक्रमा' व्हायोलिनसकट वाजवून गेला, मग हॅरिसची मुलगी लॉरेन गायली, आणि त्यानंतर अंधार झाला. मी आजवर या सहा माणसांना कागदाच्या तुकड्यावर पाहिले होते. मधल्या काळात बँडमध्ये परतलेला डिकिन्सन माझ्या अंदाजापेक्षा बुटका निघाला आणि क्षणभरही एका जागी उभा राहिला नाही. मला सर्वाधिक आठवते ते मात्र मंचावरचे नाही. 'फिअर ऑफ द डार्क'ची सुरुवातीची गिटारीची चाल हजारो लोक शब्दांशिवाय, नुसत्या 'ओ ओ'वर गाऊ लागले. भुसावळच्या गच्चीवर ती चाल मी एकटीच गुणगुणत असे, आणि ती आणखी कोणाला पाठ असेल असे मला खरोखरच वाटले नव्हते. शेजारी ईशान्येकडून आलेली मुले होती, त्यांनाही ती नेमक्या त्याच ठिकाणी श्वास घेऊन येत होती.

परतीच्या गाडीत सगळा डबा सुतकात होता. त्याच रात्री वेस्ट इंडीजमध्ये विश्वचषकात भारत बांगलादेशाकडून हरला होता. दौंडपर्यंत लोक द्रविडला आणि निवड समितीला शिव्या देत होते. आम्ही तिघे वरच्या बर्थवर चेहरे पाडून बसलो, कारण हसणे शहाणपणाचे नव्हते.

चौथा दिवस, रविवार : दोंडाईचा

धुळ्याहून सकाळच्या लालपरीने निघाले. चिमठाण्याच्या पुढे शेतांकडेला वाळत घातलेल्या मिरच्यांचे लाल पट्टे दिसू लागले आणि एस. टी.च्या खिडक्या आपोआप बंद झाल्या. वहीतली उरलेली शेवटची नोंद सर्वांत जुनी होती : 'पॉवरस्लेव्ह (अंकलची)'. ती दादाच्या शाळेतल्या मित्राने नेली. त्याचे वडीलही रेल्वेत होते, बदली होऊन ते दोंडाईच्याला आले आणि मित्र इथेच राहिला. तो लग्नाच्या बँडमध्ये कीबोर्ड वाजवतो. गेली काही वर्षे बँड त्याचाच आहे, स्वतःची गाडी आहे, बारा माणसे आहेत.

खरे सांगायचे तर आम्हा सर्वांत बँडचे वेड त्यालाच अधिक होते. संगीत कळतही त्यालाच होते. दादा आणि मी शब्दांच्या मागे असायचो. दोन्ही गिटारी वेगळ्या काढून ऐकाव्यात, बास कुठे पुढे येतो ते पाहावे, हे त्याने शिकवले. पण बंगळुरूला तो आला नाही, आणि १ फेब्रुवारी २००८ रोजी बँडने त्या वर्षीच्या जागतिक दौऱ्याची सुरुवात मुंबईतून, वांद्रे-कुर्ला संकुलातल्या, म्हणजे बीकेसीतल्या मैदानावरून केली तेव्हाही आला नाही. दोन्ही तारखा लग्नसराईतल्या होत्या. घेतलेली सुपारी मोडता येत नाही. बारा माणसांचे पोट एका तिथीवर असते.

आज रविवारी दाट तिथी होती, त्याला दुपारपर्यंतच वेळ होता. त्याने डेक काढून ठेवला होता आणि त्याचे हेड स्पिरिटच्या बोळ्याने पुसले होते. कॅसेट मी तीस वर्षांनी पाहिली. निळी शाई जांभळी झाली होती. फीत एका जागी तुटलेली आणि सेलोटेपने जोडलेली होती, आणि तो जोड इतका नेटका होता की ऐकताना तिथे फक्त एक ठोका गळतो. आम्ही दुसरी बाजू लावली. सेहेचाळीस मिनिटांची फीत सेकंदाला पावणेपाच सेंटिमीटर या वेगाने सरकत राहिली आणि आम्ही दोघे मांडी घालून समोर बसलो. खलाशाचे जहाज थांबले, दोर करकरले, गिटारी उसळल्या, आणि खट्ट. आम्ही दोघेही हसलो.

"पुढचं सांग," तो म्हणाला.

पुढचे गाणे त्याला ठाऊक नाही असे नव्हे. मोबाइलवर हवे तेव्हा ऐकता येते. त्याला मैदानावरचे हवे होते. मग मी सांगितले. त्या वर्षी बँड भाड्याने घेतलेल्या बोइंग ७५७ विमानातून सामानसुमानासह फिरत होता आणि ते विमान डिकिन्सन स्वतः चालवत होता. मंचावर १९८४ च्या दौऱ्यासारखा इजिप्तचा देखावा उभा केला होता. सुरुवातीला चर्चिलचे भाषण वाजले आणि मग 'एसेस हाय' सुरू झाले. मधोमध केव्हातरी डिकिन्सन फाटका डगला घालून पुढे आला आणि हे गाणे सुरू झाले. त्या शांत भागात बीकेसीच्या मैदानावर समुद्राकडून खरोखरच वारा आला की मला तसे वाटले, ते सांगता येत नाही. आणि ज्या जागी आमचा टेप थांबायचा ती जागा जवळ आली, तेव्हा माझा हात नकळत बटण दाबायला पुढे गेला. बटण नव्हते. गाणे पुढे गेले. खलाशी बंदराला लागला, गोष्ट सांगत गावोगाव फिरू लागला, आणि दादा माझ्या कानात ओरडला, "आला एकदाचा घरी!"

मित्र हे सगळे बोटांनी मांडीवर ताल धरून ऐकत होता. "मी त्या रात्री शहाद्याला होतो," तो म्हणाला. "नवरदेवाचा घोडा बिथरला होता." एवढे बोलून तो कपडे बदलायला उठला.

चार वाजता परण्या निघाला, म्हणजे नवरदेवाची मिरवणूक. लाल कोट घातलेली माणसे, गाडीवर चार कर्णे, जनरेटरचा धूर, पुढे नाचणारी पोरे आणि मागे डोक्यावर पदर घेतलेल्या बायका. मी वऱ्हाडी नसूनही बायकांत चालत होते, कोणी विचारले नाही. तासभर अहिराणी गाणी झाली. मग चौकात, दोन गाण्यांच्या मधल्या जागेत, मित्राने कीबोर्डवर सनईचा आवाज लावला आणि 'फिअर ऑफ द डार्क'ची ती चाल वाजवली. संथ, एकदा, दोनदा. ड्रमवाल्या पोराला ती ठाऊक होती. नंतर कळले की बँडमध्ये तिला 'सरांची इंग्लिश' म्हणतात आणि प्रत्येक लग्नात ती एकदा होते, कोणाला पत्ता लागत नाही. तिसऱ्या वेळी ताल दुप्पट झाला आणि पोरे हात वर करून उड्या मारू लागली. लहान मुले तर 'ओ ओ' म्हणू लागली होती, ती चालच तशी आहे. नवरदेवाच्या मामाने खिशातून पन्नासची नोट काढली, भाच्यावरून तीनदा ओवाळली आणि बँडच्या गाडीकडे देऊन खूण केली, हेच पुन्हा.

रात्री स्टेशनवर सोडायला येताना मित्राने कॅसेट माझ्या हातात ठेवली. मी ती त्याच्या कोटाच्या खिशात परत घातली. तो काही बोलला नाही. गाडीचा दिवा दिसू लागला तेव्हा त्याने घडी घातलेली ती पन्नासची नोट काढली आणि म्हणाला, "मग हे तरी ने. इतक्या वर्षांचं."

गाडी नरडाणा सोडून अमळनेरकडे निघाली तेव्हा आईचा फोन आला. दादाने गाद्या दिल्या, तवा मात्र तिने ठेवून घेतला होता, अंकलचा तो. मग तिने विचारले, "उधारी वसूल झाली का?"

"एक परत आली, एक माफ केली," मी म्हणाले, "आणि एकीचं नुसतं व्याज मिळालं."

"किती?"

"पन्नास रुपये."

"मग वहीत लिहून ठेव," आई म्हणाली.